दुरुस्ती

पत्र मंगळवारी आलं. पाकीट पातळ होतं,
आणि पातळ पाकिटांनाच मी आता जास्त घाबरते.
लॉटनच्या वाऱ्यानं ते पेटीतून निम्मं बाहेर ओढलं होतं,
जशी काही वाचायची घाई त्यालाच.

व्हर्लन टेबलाशी. कानातली यंत्रं बशीत काढून ठेवलेली.
घरात असला की घालत नाही,
बॅटऱ्या वाचतात म्हणतो.
बावीस वर्षं तोफांशेजारी उभं राहिलेला माणूस
शेवटी बॅटऱ्या वाचवायला लागतो.

काय म्हणतायत?
मी ओठ नीट हलवून सांगितलं, विशेष काही नाही.
तुझ्या हृदयाच्या गोळीचे चौदाच्या जागी सोळा.
पत्रात अडतीस होते.
शिवाय वर्षाची वर्गणी, शिवाय माझं इन्सुलिन,
आणि तळाला, आपल्या सेवेचे आम्ही ऋणी आहोत.
ते वाक्य तेवढं दरवर्षी जुन्याच भावात.

चौऱ्याहत्तर साली, पशुखाद्याच्या दुकानाला लागून
भरतीचं कचेरीवजा खोपटं होतं.
मी बाहेर ट्रकमध्ये बसले होते, केस विंचरत.
व्हर्लन आला तो हसतच:
वीस वर्षं काढली की दवाखाना जन्मभर फुकट.
मला, तुला, पोरांना.
लिहून दिलंय?
लष्कराचा माणूस आहे, ओलेटा.
त्याच्या शब्दाला शाई कशाला लागते?

त्या शब्दावर आम्ही अकरा घरं बदलली.
एका घराचे पडदे दुसऱ्या घरात आखूड पडायचे.
धाकटी जर्मनीत झाली, तो माळरानावर सरावाला,
माझा हात धरला होता एका अनोळखी बाईनं
जिची भाषा मला येत नव्हती.
हे कुठल्या रकान्यात लिहू?
वहीत जमेची बाजू कोरी पडलीय,
पण हे जमेत धरतात का, कुणाला विचारायचं?

शेजारच्या म्यंगजानं शिकवलं,
गोळी अर्धी करायची तर सुरी नको, तुकडा उडतो.
आणि चुरा टाकायचा नाही,
बोट ओलं करून उचलायचा, तोही पैशाचाच.
तिचा नवरा तळावरच्या दफनभूमीत आहे.
तिथलं भाडं वाढत नाही, म्हणते,
आणि तोंडावर हात ठेवून हसते.
तेव्हा मी काही बोलत नाही.

पण मी कुणाशी खोटं बोलले तेच विसरले होते.
व्हर्लन तोफ ओढणाऱ्यांतला नव्हता. तो आकडे काढायचा.
अंतर, वारा, दारूचं तापमान,
आणि एक आकडा चुकला तर गोळा
आपल्याच पोरांवर.
सोळा म्हणताना माझे ओठ
जरा लवकर मिटले असतील.

सकाळी वही उघडली तर माझा सोळा खोडलेला.
वर त्याच्या तिरप्या अक्षरात अडतीस,
बाजूला एकच शब्द: दुरुस्ती.
आणि खाली त्याच्या गोळीची ओळच काटलेली,
पट्टी लावून, सरळ.
माझ्या इन्सुलिनची ओळ तशीच ठेवलेली.
बेरीज जुळत होती. त्याची कधी चुकत नाही.

मी खोडरबर घेऊन बसले.
त्यानं शाईनं लिहिलं होतं.

मग तीच ओळ मी खाली पुन्हा लिहिली.
हृदयाची गोळी. अख्खी.
पुढे आकडा घातला नाही. वही मिटली.

तेवढ्यात फोर्ट सिलच्या माळावर सराव सुरू झाला.
कपाटातल्या बशा एकमेकींवर वाजल्या.
व्हर्लननं तळहात टेबलावर पसरला,
आता तो तोफा तसाच ऐकतो, लाकडातून.
डोळे मिटून थोडा वेळ थांबला.
आखूड पडतायत, म्हणाला.
मी कॉफी ओतली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले,
आणि त्याला दिसेल अशी
मान हलवली.